पहिलीच डीडीआर स्पर्धा, हातात तीन आठवडे: तयारी कशी करू?

तीनपाऊल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथे नुसताच वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. परवा एका बेसावध क्षणी डान्स डान्स रिव्होल्यूशनच्या (म्हणजे डीडीआर, पडद्यावर सरकणाऱ्या बाणांबरोबर पॅडवरच्या बाणांवर पाय टाकायचा तो मशीनवरचा खेळ) स्पर्धेत नाव देऊन बसलो. आयुष्यातली पहिलीच. बरोबर तीन आठवडे उरलेत.

माझी कुंडली अशी. लेव्हल 13 ची बहुतेक गाणी पास होतात, स्कोअर 9 लाख 60 ते 9 लाख 80 हजारांच्या घरात. 14 ची अर्धीअधिक होतात. 15 ला धाप लागते. पाठीमागचा बार धरून खेळतो. क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्याला ओलांडून टाकायचा) आला की पाय गोंधळतात, मग एकच पाय दोनदा टाकून वेळ मारून नेतो (माहीत आहे, माहीत आहे).

नियम: खालचा गट, लेव्हल 12 ते 14. आधी पात्रता फेरी, त्यात जाहीर केलेली तीन गाणी प्रत्येकी एकदाच. पुढे डबल एलिमिनेशन. प्रत्येक सामन्यात पाच गाणी चिठ्ठ्यांसारखी निघणार, दोघांनी एकेक उडवायचं आणि उरलेल्या तिनांत दोन जिंकेल तो पुढे.

सध्या रोज जातो आणि 15 ची गाणी हाणतो. 15 ची सवय झाली की 14 सोपं वाटेल असा हिशोब. बरोबर चाललंय का? बूट, सराव, डोकं, काय सुचेल ते सांगा.

घामाघूम

शुभेच्छा! दोन टॉवेल ने. एक तुझ्यासाठी, एक बारसाठी. बाकीचं जाणकार सांगतीलच.

भिंगरी

स्वागत. पाच-सहा स्पर्धा खेळले आहे आणि दोन भरवल्यात, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी एक विचारते. स्कोअर कोणता मोजणार आहेत, नेहमीचा 10 लाखांचा की ईएक्स? नियमांत असेल, नसेल तर आजच विचार. सगळी तयारी त्यावर फिरते.

दुसरं, 15 हाणणं बंद कर. तीन आठवड्यांत तुझी उडी फार वाढणार नाही आणि या स्पर्धेत तिची गरजही नाही. तू जे 9 लाख 80 म्हणतोस ते कितव्या खेपेला? स्पर्धेत गाणं एकदाच मिळतं, तेही समोरच्याने निवडलेलं, अनोळखी पॅडवर, मागे वीस माणसं उभी असताना. तुझा सर्वात चांगला स्कोअर तिथे कोणी विचारत नाही. पहिल्या खेपेला काय येतं, तेवढंच खरं.

म्हणून एक वही कर. उद्यापासून 12 ते 14 मधलं कुठलंही गाणं दिवसातून एकदाच खेळायचं. पहिला स्कोअर लिहायचा, चांगला असो की लाजिरवाणा. शेजारी फास्ट (लवकर पडलेली पावलं) किती, स्लो (उशिरा पडलेली) किती. लगेच "पुन्हा एकदा" नाही. आठवड्याने वही इथे आणून टाक.

तीनपाऊल

धन्यवाद भिंगरीताई. विचारलं, ईएक्स मोजणार आहेत म्हणे. त्याने एवढा काय फरक पडतो? मार्व्हलस (सर्वात अचूक पावलाचा शेरा) जास्त आले की दोन्हीकडे स्कोअर वाढतोच ना?

मध्यमगती

फरक जमीन-अस्मानाचा आहे. कागद घे.

समज चारशे पावलांचा चार्ट आहे, फ्रीझ (दाबून धरायचा लांब बाण) एकही नाही. 10 लाख भागिले 400, म्हणजे एका पावलाला 2500. डीडीआर ए (2016) पासूनच्या पद्धतीत मार्व्हलसला पूर्ण 2500, परफेक्टला त्यातून 10 वजा म्हणजे 2490. ग्रेटला साठ टक्के आणि वर 10 वजा, म्हणजे 1490. गुडला वीस टक्के वजा 10, म्हणजे 490. थोडक्यात एका ग्रेटने 1010 जातात आणि परफेक्टने फक्त 10. एक ग्रेट म्हणजे एकशे एक परफेक्ट!

ईएक्समध्ये मार्व्हलसला 3, परफेक्टला 2, ग्रेटला 1, पूर्ण धरलेल्या फ्रीझला 3. बाकी सगळं शून्य.

आता दोन खेळाडू घे. पहिल्याचे 100 मार्व्हलस, 300 परफेक्ट, ग्रेट एकही नाही. दुसऱ्याचे 295 मार्व्हलस, 100 परफेक्ट, 5 ग्रेट. नेहमीच्या स्कोअरमध्ये पहिला 9,97,000 आणि दुसरा 9,93,950. पहिला आरामात जिंकला. ईएक्समध्ये पहिल्याचे 900, दुसऱ्याचे 1090. पहिल्याची धूळधाण.

तेव्हा नेहमीच्या स्कोअरचा गडी सांभाळून खेळतो, चूक टाळतो. ईएक्सवाल्याला बाणाच्या पोटात पाय घालावा लागतो. मार्व्हलसची खिडकी ठोक्याच्या आधी आणि नंतर साधारण 16.7 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एकेक फ्रेम. परफेक्टची दोन-दोन फ्रेम. एवढ्यात डोळ्याने बघून पाय टाकणं होत नाही, कानाने टाकावा लागतो.

पायपीट

मध्यमगतीने पुन्हा एकदा गणिताचा तास घेतला आहे. हजेरी लावून जातो.

बाकी हिशोब बरोबर. फक्त एक जोड: ईएक्समध्ये मिस आणि गुड सारखेच शून्य, म्हणून काही जण चुकलेलं पाऊल सोडून पुढच्याला लागतात. ते कर, पण लाइफ बारवर नजर ठेव. गाणं अर्ध्यात बंद पडलं तर कसला ईएक्स नि कसलं काय.

तीनपाऊल

मध्यमगती, दंडवत. मी नेमका तो पहिला खेळाडू आहे. परफेक्टचा ढीग आणि त्यावर खूश.

मग मार्व्हलस वाढवायचे कसे? आणि स्पीडचं काय? मी सगळीकडे 3 लावतो.

भिंगरी

सगळीकडे 3?? अरे देवा.

स्पीड मॉड म्हणजे गाण्याच्या बीपीएमला (मिनिटाला ठोके) गुणायचा आकडा. 150 चं गाणं 3 वर 450 च्या वेगाने वर सरकतं आणि 200 चं 600 ने. दर गाण्याला डोळ्यांना नवीन वेग द्यायचा आणि मग टायमिंग हललं म्हणायचं! एक गुणाकार ठरव, समज 600 च्या आसपास. 150 ला 4, 170 ला 3.5 (595 होतात), 185 ला 3.25 (601), 200 ला 3. गाणं निवडलं की बीपीएम बघायचा आणि आकडा लावायचा, हे हाताला आपोआप यायला हवं. सामन्यात निवडीचं घड्याळ चालू असतं आणि शेजारी प्रतिस्पर्धी तयार होऊन उभा असतो. तिथे पाढे म्हणायला वेळ नसतो.

गाण्यात मध्येच वेग बदलत असेल तर ज्या वेगात जास्त पावलं आहेत त्याला धरून लाव. 200 चं गाणं मध्ये 100 वर आलं की तुझे 600 चे 300 होतात आणि बाण एकमेकांना चिकटून येतात. तेवढा तुकडा पाठ कर. लेव्हल 12 ते 14 मधल्या अशा गाण्यांची यादी आताच काढून ठेव. पाचांतलं एक उडवायची संधी आहे ना, ती त्यांच्यासाठी.

मार्व्हलसचं सांगते. 9-10 लेव्हलची गाणी खेळ. हसू नकोस. दमछाक नसलेल्या गाण्यात फक्त ठोका ऐकायचा आणि शेवटी फास्ट-स्लो बघायचं. एका बाजूचा आकडा दुपटीने मोठा असेल तर तुला खोड आहे. दोन्ही सारखेच मोठे असतील तर मात्र ठोकाच ऐकू येत नाहीये.

मध्यमगती

आणि बाणांचे रंग? तीनपाऊल, रेनबो ठेवलं असशील तर नोट लाव. पूर्ण ठोक्यावरचा बाण लाल, अष्टमांश (अर्धा ठोका) निळा, षोडशांश (पाव ठोका) पिवळा, बाकी हिरवा. ताल डोळ्याला आधीच कळतो.

भिंगरी

मध्यमगती, तीन आठवडे राहिले असताना नको. मला स्वतःला रंग बदलल्यावर दोन महिने लागले होते. सगळं वाचन उलटंपालटं होतं.

मध्यमगती

मला चार दिवस लागले. माणसागणिक फरक. पण खालच्या गटात निम्मे लोक अडखळतात ते लाल-निळ्याच्या मधल्या हिरव्यावर, या मतावर मी ठाम आहे.

पायपीट

दोघं भांडत असेपर्यंत मी क्रॉसओव्हरचं सांगतो, कारण पोरगा "माहीत आहे, माहीत आहे" म्हणून सटकला.

डावा, खालचा, उजवा असे तीन बाण एकामागोमाग आले. डावा पाय डाव्यावर, उजवा पाय खालच्यावर. आता उजव्या बाणाची पाळी डाव्या पायाची आहे. तो पाय उजव्या पायाच्या पुढून न्यायचा आणि नेताना कंबर उजवीकडे वळवायची. कंबर स्क्रीनकडे ठेवून नुसता पाय ओढलास की गुडघ्याला पीळ बसतो आणि पाऊल हमखास उशिरा पडतं. खालच्याऐवजी वरचा बाण असेल तर सगळं उलट: डावा पाय मागून जातो, कंबर डावीकडे.

मशीन बंद असताना पॅडवर उभा राहा आणि हे शंभरदा चाल. पळू नकोस, चाल. डावा-खाली-उजवा-खाली-डावा. मग डावा-वर-उजवा-वर-डावा. लोक बघतील, बघू देत. दुसऱ्या बाजूने, म्हणजे उजव्यापासून सुरू करूनही. आपल्या सगळ्यांना एक बाजू जमते आणि दुसरी जमते असं वाटत असतं.

एकच पाय दोनदा टाकणं कधी चालतं? बाण विरळ असताना. 180 बीपीएमला सलग अष्टमांश म्हणजे सेकंदाला सहा पावलं. तिथे एका पायाने लागोपाठ दोन पडायची नाहीत, पडली तरी मार्व्हलस नाहीत.

पाचबाण

मी पंपवाला, म्हणजे पंप इट अप हा दुसरा पायांचा खेळ खेळणारा. आमच्याकडे पाच पॅनल, चार कोपऱ्यांत आणि एक मधोमध. एका मित्राच्या नादाने डीडीआरच्या स्पर्धेत उतरायचं म्हणतोय. कितपत जड जाईल?

पायपीट

पाचबाण, वळणावळणाची पावलं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त सरावाची. घोळ होतो तो मधल्या चौकोनात. तुमच्याकडे तो बाण आहे, आमच्याकडे नुसता पत्रा. पंपवाले तिथे परत यायची सवय घेऊन येतात आणि प्रत्येक पावलाला दुप्पट अंतर कापतात. आमच्यात पाय बाणावरच ठेवायचा, तिथून पुढच्या बाणावर. नुसत्या उभं राहण्याने काही दाबलं जात नाही, नवीन पाऊल पडलं तरच मोजलं जातं.

पाचबाण

हे कोणी सांगितलं नव्हतं. आभार.

चाहूल

वाचतेय. मध्येच घुसते, माफी. घरी मऊ मॅट आहे, त्यावर सराव केला तर चालेल का?

मध्यमगती

वाचनासाठी चालेल. टायमिंगसाठी नाही. मॅट सरकते, दाब कुठे लागला ते कळत नाही, आणि टीव्हीचा स्वतःचा उशीर वेगळाच. स्टेपमेनिया (कॉम्प्युटरवरचा असाच बाणांचा खेळ) घालून घे. त्यात गाण्याची गती कमी करता येते आणि असिस्ट टिक चालू केलं की प्रत्येक बाणाला टिक वाजते. अवघड तुकडा हळू गतीत बसून, टेबलावर बोटांनी वाजवून पाहिला तरी पाठ होतो. पाय नंतर शिकतात.

तीनपाऊल

एक आठवडा झाला. वही आणली आहे.

26 गाणी, प्रत्येकी पहिलीच खेप. ज्या गाण्यांत माझा सर्वोत्तम स्कोअर 9 लाख 75 च्या वर आहे, त्यांतसुद्धा पहिल्या खेपेला 9 लाख 50 च्या आतबाहेर. म्हणजे मी जो खेळाडू आहे असं समजत होतो तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला अवतरतो. ताई, लाज वाटली.

दुसरं: 26 पैकी 22 गाण्यांत फास्ट जास्त. एका गाण्यात फास्ट 141, स्लो 19. स्लोचा त्रास आहे अशी माझी पक्की समजूत होती!

तिसरं, अवांतर: घरचे म्हणतात पायाला फोड येईपर्यंत नाचतोस, हा काय खेळ आहे का.

पायपीट

नॉर्वेत 2003 सालीच मशीन डान्सिंग या नावाने याची खेळ म्हणून नोंद झाली आहे. सांग घरी. फोडांना त्याने फरक पडणार नाही.

भिंगरी

लाज कसली? वहीत पहिल्याच आठवड्यात सत्य उतरलं की. कित्येकांना ते स्पर्धेच्या दिवशी कळतं.

फास्ट म्हणजे तू बाणाची वाट न बघता त्याच्यावर झडप घालतोस. पाय वर उचलून आपटत असशील तर हे होतंच, कारण पाय हवेत लटकू शकत नाही, एकदा उचलला की पडणारच. पाय पॅडपासून दोन बोटांवर ठेव आणि नुसता टेकव. आवाज कमी यायला हवा. शेजारच्याला तुझी पावलं गाण्याच्या वर ऐकू येत असतील तर तू जास्त ताकद लावतोयस. शेवटच्या गाण्याला ती ताकद लागेल.

स्पर्धेच्या दिवशी घाबरल्याने फास्ट आणखी वाढेल. म्हणून आता मुद्दाम किंचित रेंगाळायचा सराव कर.

तीनपाऊल

हे बाराखडीसारखं गिरवतो. आणि बार? कोणी म्हणतं बारशिवाय खेळणं हेच खरं, कोणी म्हणतं मूर्खपणा.

पायपीट

हा वाद इथे सुरू केलास तर स्पर्धा संपली तरी धागा संपणार नाही. तू बार धरून शिकलास, धर. फक्त त्यावर लोंबकळू नकोस. कोपरं थोडी वाकलेली, तळव्यांनी टेकलेलं, वजन पायांवर. 14 च्या लांब स्ट्रीममध्ये (न थांबता सलग येणारी पावलं) हात आखडतात, मग खांदे आखडतात आणि दोष पायांना मिळतो.

घामाघूम

आणि दुसरा टॉवेल! ओल्या बारवरून हात सटकून मी एकदा पाठमोरा खाली आलोय. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

भिंगरी

आयोजकांच्या बाजूने चार गोष्टी, पुन्हा लिहायला वेळ मिळेल न मिळेल.

लवकर जा. सामने सुरू होण्याआधी मशीन सरावाला मोकळं असतं. त्या वेळात आपलं लाडकं गाणं खेळायचं नाही. सोपं गाणं लाव आणि पॅड चाचपून बघ. 1पी आणि 2पी दोन्ही बाजू खेळ, कारण कोणती वाट्याला येईल सांगता येत नाही. जुन्या पॅडमध्ये प्रत्येक बाणाखाली चार कडांना चार सेन्सर असतात. त्यातला एखादा मेलेला असेल तर बाण एका कडेला दाबला तर लागतो आणि दुसऱ्या कडेला लागत नाही. लांब फ्रीझ धरून पाय हळूहळू पुढेमागे कर. कुठे सुटतो ते लक्षात ठेव.

गाणं चालू असताना बिघाड वाटला तर तिथल्या तिथे हात वर कर. बहुतेक ठिकाणी नियम असा की गाणं संपून निकालाचा पडदा आल्यावर केलेली तक्रार धरत नाहीत. "हरल्यावर सांगतोय" असंच वाटतं, आणि खरं सांगू का, आयोजक म्हणून मलाही वाटतं.

डबल एलिमिनेशनमध्ये पहिला सामना हरलास तर बाहेर पडत नाहीस, खालच्या फळीत जातोस. दोनदा हरलास की संपलं. पण खालच्या फळीत सामने जास्त आणि मधली विश्रांती कमी. बदलायचा शर्ट, मोजे आणि पाणी त्यासाठी.

शेवटचे दोन दिवस पॅडवर चढायचं नाही. हे कोणीच ऐकत नाही.

मध्यमगती

गाणं उडवण्याबद्दल राहिलंच. लोक स्वतःला न जमणारं उडवतात. जरा थांबून समोरच्याची पात्रता फेरी आठव. तो स्ट्रीममध्ये दमत होता का, तांत्रिक पावलांत अडखळत होता का? तुला थोडं अवघड पण त्याला फार अवघड असं गाणं ठेवण्यात फायदा आहे. त्यासाठी बाकीच्यांचे सामने बघावे लागतात. फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस.

तीनपाऊल

लिहून घेतलं सगळं. क्रॉसओव्हरची चाल रोज दहा मिनिटं चालू आहे. एक लहान मुलगा येऊन विचारून गेला, "दादा, मशीन बंद आहे, माहितेय ना?"

आता थेट स्पर्धेनंतर भेटू.

चाहूल

धागा वर काढतेय. तीनपाऊल, झाली ना स्पर्धा? काय झालं?

तीनपाऊल

झाली. दोन दिवस जिना उतरताना कठडा धरत होतो, म्हणून उशीर.

आधी कबुली: आदल्या दिवशी पॅडवर चढलो. फक्त तीन गाणी. ताई, रागावू नका.

पात्रतेचं पहिलं गाणं भयंकर गेलं. हात थंड, तोंड कोरडं, आणि घाईत स्पीड 3 च राहिला. 150 चं गाणं 450 ने रांगत आलं आणि मी बाणांच्या आधी नाचून मोकळा. फास्ट किती ते इथे लिहीत नाही. पुढच्या दोनांत मात्र आकडा लावला, पाय खाली ठेवले आणि वहीतल्या सरासरीपेक्षा बरं गेलं. 16 जणांत अकरावा.

पहिला सामना सरळ 0-2 हरलो. समोरची मुलगी इतकी शांत खेळत होती की तिची पावलं ऐकूच येत नव्हती. ताईंचं "आवाज कमी" तेव्हा नीट कळलं.

खालच्या फळीत गेलो. पहिला सामना 2-1 जिंकला! तिसऱ्या गाण्यात डावा-वर-उजवा असा क्रॉसओव्हर चारदा होता, चारही वेळा कंबर वळली. पायपीट, तुम्हाला साष्टांग.

पुढच्या सामन्यात खालच्या बाणावरचा फ्रीझ सुटला. मला वाटलं माझाच पाय. दुसऱ्या गाण्यात परत सुटला, तेव्हा हात वर केला. आयोजकांनी सामना थांबवला, कोपऱ्यांचे स्क्रू काढून पॅनल उचललं. एका कडेचा सेन्सर दबतच नव्हता. तो दुरुस्त करून दुसरं गाणं पुन्हा खेळवलं आणि मी ते जिंकलो. पहिल्या गाण्याचा निकाल मात्र तसाच राहिला, कारण तेव्हा मी गप्प बसलो होतो. तक्रार नाही, आधीच सांगितलं होतं तुम्ही.

म्हणजे 1-1. तिसरं गाणं 14 चं, माझ्या वहीत तीनदा येऊन गेलेलं. शेवटपर्यंत बरोबरीत होतो. अगदी शेवटी एक लांब फ्रीझ आहे, गाणं विझत जातं आणि तो चालूच राहतो. मला वाटलं संपला. पाय उचलला. एन.जी., म्हणजे फ्रीझ सुटला, गुण शून्य.

दोन ईएक्सने हरलो.

मध्यमगती

फ्रीझचे 3. म्हणजे धरला असतास तर एकाने जिंकला असतास.

तीनपाऊल

हो मध्यमगती, हे गणित मला जमलं. परतीच्या वाटेवर बऱ्याचदा जमलं.

भिंगरी

पात्रतेत अकरावा आणि एक सामना खिशात. पहिल्या स्पर्धेत माझी पाटी कोरी होती. आदल्या दिवसाचं नंतर बघते.

वही चालू आहे ना?

तीनपाऊल

चालू आहे. पुढची चार महिन्यांनी, नाव दिलंय. फक्त एक प्रश्न: उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. किती दिवस थांबू?

पायपीट

दुखायचं थांबेपर्यंत. आणि बूट अर्ध्या नंबरने मोठा घे, त्यात नख पुढे आदळतंय. माझी दोन गेली तेव्हा कळलं.